टाचण शेवटाकडून लिहा

नवा घटक सुरू करताना आपण शिक्षक आधी काय ठरवतो? कुठला व्हिडिओ दाखवायचा, कुठला तक्ता लावायचा, कोणता उपक्रम घ्यायचा. मुलांना कितपत आलं याचा विचार चाचणी तोंडावर आली की सुरू होतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. तो बदलल्याशिवाय अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलांना काय यायला हवं त्या गोष्टी, टाचणवहीतच (पाठाचं नियोजन लिहायच्या वहीतच) राहणार, वर्गात उतरणार नाहीत.

ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ साली मांडलेली नियोजनाची चौकट मला म्हणूनच पटते. घटक संपल्यावर मुलांना काय समजलेलं हवं हे आधी ठरवायचं. ते समजलं हे कशावरून कळेल, हे त्यानंतर. उपक्रमाचा नंबर सगळ्यात शेवटी. खरी ताकद मधल्या पायरीत आहे. बी.एड.ला शिकलेली हर्बार्टची पंचपदी तास कसा पुढे न्यायचा ते सांगते, ब्लूमच्या वर्गीकरणातून उद्दिष्टं लिहायला क्रियापदं मिळतात. पण पुरावा आधी ठरवा, हा आग्रह या चौकटीइतका ठामपणे मला दुसरीकडे दिसला नाही.

सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा पाठ घ्या. मी सुरुवातच शेवटच्या प्रश्नापासून केली: ‘पौर्णिमेला एक कुटुंब हाजी अलीला निघालंय. दुपारी बाराला जावं की संध्याकाळी सहाला? कारण लिहा.’ दुसरा प्रश्न: ‘भरतीच्या वेळेलाच मुसळधार पाऊस झाला तर मुंबईत पाणी का तुंबतं?’ ‘उधाणाची भरती म्हणजे काय’ याची व्याख्या पाठ करून ही उत्तरं लिहिता येत नाहीत. पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास येते, हाजी अलीची वाट पाण्याखाली जाते, आणि सव्वासहा तासांनी ओहोटी असते, हे जोडावं लागतं. पर्जन्यवाहिन्यांची समुद्राकडची बरीच तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, हेही कळावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशीही भरती होती. ते आजही घराघरात सांगितलं जातं.

प्रश्न पक्के झाल्यावर उपक्रम आपोआप ठरले. तक्ता रंगवणं गळलं. भरतीच्या वेळांचं वेळापत्रक वर्गात आलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे मुलांनी स्वतः शोधलं. कोळीवाड्यातली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करतात.” तिने फळ्यावर लिहिलं: अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. मग सगळा वर्ग वेगवेगळ्या तिथी घेऊन वेळापत्रकाशी ताडून बघायला लागला. थोडा थोडा फरक येत होता. तो का येतो यावर जी चर्चा झाली, तशी चर्चा चेंडू आणि पृथ्वीगोल फिरवून कधीच झाली नव्हती. चंद्र रोज उशिरा उगवतो, ही गोष्ट तिथे आली, तीही मुलांच्या तोंडून.

‘पस्तीस मिनिटांच्या तासिकेत आणि साठ मुलांच्या वर्गात हे कसं जमायचं?’ असं सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. रोजच्या तासाला ही चौकट लावायची गरजच नाही. घटकाला एकदा लावा, तेही आधी मोजक्या घटकांना. चौकटीने शिक्षकाचे हात बांधले जातात, हे मात्र मला मान्य नाही. कुठे पोचायचं हे ठरलेलं होतं, म्हणूनच त्या मुलीच्या पाऊणपटीसाठी मला अख्खा तास देता आला.

हात बांधतात ते टाचणवहीतले रकाने. तयार टाचणाची पीडीएफ ग्रुपवर येते, ती उतरवली जाते आणि तिच्यावर सही होते. मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे: वही तपासताना रकाने भरलेत का ते बघू नका. ‘मुलांना आलं हे तुम्हाला कशावरून कळणार?’ एवढंच विचारा, आणि उत्तर लिहायला शिक्षकाला वेळ द्या.

सातवीला भूगोल शिकवणाऱ्यांनी आपापल्या किनाऱ्यावरचे असे प्रश्न मला जरूर कळवा. उत्तन, वसई, अलिबागकडचे तर हवेच आहेत.