पाणी समितीवर निवडून आल्याबद्दल अभिनंदन

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या पाणी समितीवर तुमची बिनविरोध निवड झाली म्हणे. अभिनंदन. (बिनविरोधच होते. एजीएमला चहा येईपर्यंत टिकलेले अकरा जण, त्यात तुम्ही फोनवर बोलत बाहेर गेलात.) सहा वर्षं ती खुर्ची मी उबवली, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

टँकरवाल्याशी बोलताना आवाज जावयाशी बोलताना लावतो तसा लावा. रात्री दीडला आला तरी वॉचमनने उठून गेट उघडायचं. दहा हजार लिटर म्हणाला की दहा हजार. टाकीत काठी बुडवून बघायचं नाही. कुठल्या विहिरीतून भरलंस, हे तर चुकूनही विचारू नका. काही गोष्टी माहीत नसल्या तरच घशाखाली उतरतात.

खरी भीती पावसाच्या पाण्याची. प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त गणिताचे मास्तर असतातच. आमचे भर सभेत उठून म्हणाले, ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर. आपली गच्ची 500 चौरस मीटरची. झाले साडेबारा लाख लिटर, म्हणजे दहा हजारवाले सव्वाशे टँकर. अगदी निम्मं वाया गेलं धरलं तरी साठ. सभा गप्प. मी तत्काळ पार्किंगचा विषय काढला. तुम्हीही काढा. आपल्याकडे पार्किंगपुढे पावसाचा टिकाव लागत नाही.

आणि रेनवॉटर हार्वेस्टिंग आपल्याकडे आहे, बरं का! नकाशात बघा ना: गच्चीवरून उतरणारा पाइप, वाळू-खडी-कोळशाचा खड्डा, गाळलेलं पाणी तिथून बोअरमध्ये. बिल्डरने काय सुबक काढलंय. प्रत्यक्षात त्या खड्ड्याच्या झाकणावर पेव्हर ब्लॉक बसलेत आणि पेव्हर ब्लॉकवर चेअरमनसाहेबांची गाडी. ती हलवा म्हणायची तुमची छाती असेल, तर तुम्ही पाणी समितीत फुकट जाताय, विधानसभेला उभे राहा. बोअर आटली तर आणखी शंभर फूट खाली न्यायची. पाणी आपल्याला घाबरून खाली पळतं, आपण मागे लागायचं.

सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट तपासणीच्या दिवशी चालवावा, एरवी वीज जपावी. फ्लशला पिण्याचंच पाणी बरं, वास येत नाही.

आरओ घरोघरी हवाच. पालिकेचं पाणी धरणाचं, त्यात क्षार मुळातच कमी. लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओ नकोच, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं होतं. शेजारच्या वहिनींकडे आरओ आहे, हे लवादाला कुणी सांगितलं नसावं. एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत जातात. ते बादलीत धरून लादी पुसणाऱ्या सुनेला सासरी चिकट म्हणतात, तेव्हा जाऊ द्या.

सरकारी मापाने शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पुरतात. आपल्याकडे तेवढ्यात रविवारची एक गाडी धुऊन होत नाही.

कधीतरी कुणी शहापूरचा विषय काढेल. तानसा धरण त्या तालुक्यात, 1892 पासून पाणी मुंबईला. भातसा धरणही तिथलंच, आपण त्याचंच पाणी पितो. आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. अशा वेळी गडबडून जाऊ नका. सांगा, आम्हीसुद्धा टँकरचीच वाट बघतो. फरक इतकाच की आमच्याकडे इंटरकॉम आहे.

जुलैत एखाद्या दिवशी पंपिंग स्टेशनची वीज जाईल, नळ कोरडे पडतील आणि बाहेर पाऊस नुसता कोसळत असेल. गच्चीचे पाइप धो धो गटारात, गटार नाल्यात, नाला खाडीत. त्या दिवशी बाल्कनीत भजी खात बसू नका, खाली जा. एवढ्या पाण्यात वायपर फिरवत, हॉर्न वाजवत टँकर गेटाशी आलेला असतो आणि वॉचमनकडे छत्री नसते.