सायलेन्सरवरचा टॅक्स शून्य झाला, नोंदणी आहे तशीच आहे

“१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा कायदा उठला. २०० डॉलरचा टॅक्स गेला, टॅक्स गेला म्हणजे नोंदणीही गेली. आता दुकानात जायचं, पैसे टाकायचे आणि घेऊन यायचं. ऑनलाइन किटही मिळतं. एकदा का तो लावला, की गोळी सुटल्याचं शेजारच्या खोलीतही कळत नाही. गुन्हेगारांना रान मोकळं.”

समाजमाध्यमांवर वेगवेगळ्या शब्दांत फिरणाऱ्या दाव्याचं हे सार आहे. यातला एकच तुकडा खरा: २०० डॉलरचा टॅक्स गेला. बाकीच्यावर भरवसा ठेवून कुणी सायलेन्सर घरात आणला, तर दहा वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. अमेरिकेत राहणाऱ्या पण तिथले नागरिक नसलेल्या आपल्या माणसांना तर त्यापुढचाही धोका आहे. म्हणून दाव्यातलं एकेक वाक्य तपासून पाहू.

“कायदा उठला”

हा कायदा म्हणजे १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट. मशिनगन, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांच्यासोबत सायलेन्सरही त्यात आला. मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. ती पुढे वगळली गेली, सायलेन्सर मात्र राहिला. दर हस्तांतराला २०० डॉलर टॅक्स बसला. आजच्या पैशांत ही रक्कम साडेचार हजार डॉलरच्या वर जाते. तिजोरी भरणं हा त्यामागचा हेतू नव्हता. ही वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जावी, यासाठी तो टॅक्स होता. पुढे महागाईने तो आपोआप हलका होत गेला, कारण २०० चा आकडा नव्वद वर्षांत कुणी बदललाच नाही.

२०२५ मध्ये सायलेन्सरला या कायद्यातून पूर्णपणे बाहेर काढायचा प्रयत्न झाला, हे खरं आहे. प्रतिनिधीगृहाने २२ मे रोजी २१५ विरुद्ध २१४ मतांनी जे मोठं अर्थविधेयक मंजूर केलं, त्यात ती तरतूद होती. पण सिनेटमध्ये हे विधेयक ‘रिकन्सिलिएशन’ या वाटेने जात होतं. या वाटेने साध्या बहुमतावर काम भागतं, मात्र बर्ड नियमानुसार विधेयकात फक्त कर आणि खर्च यांच्याशी थेट संबंध असलेल्या गोष्टी चालतात. सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांनी जूनअखेरीस नोंदणी काढण्याची तरतूद नियमात बसत नाही असं सांगितलं. मग उरला तो टॅक्सचा भाग. ४ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्षांची सही झाली ती या उरलेल्या भागावर.

फिरणारा मेसेज बहुधा मे महिन्यातल्या बातमीचा आणि जुलैमधल्या कायद्याचा गुंता करतो. कायद्याच्या संहितेत बदल झाला तो कलम ५८११ आणि ५८२१ मध्ये, म्हणजे हस्तांतर आणि निर्मिती यांवरच्या टॅक्सच्या कलमांत. मशिनगन आणि विध्वंसक साधनं (बॉम्ब, ग्रेनेड वगैरे) यांना २०० डॉलर कायम, बाकी सगळ्यांना ० डॉलर. सायलेन्सरचा यादीत समावेश करणारं कलम ५८४५ जसंच्या तसं आहे. नोंदणीचं ५८४१ जसंच्या तसं आहे. आणि स्वतःच्या नावावर नोंद नसलेली वस्तू बाळगणं गुन्हा ठरवणारं ५८६१ (डी) सुद्धा आहे तिथेच आहे.

“टॅक्स गेला म्हणजे नोंदणीही गेली”

या वाक्यामागे एक खरा कायदेशीर युक्तिवाद आहे, म्हणून ते उडवून लावता येत नाही. १९३७ मध्ये सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला तो संसदेच्या कर लावण्याच्या अधिकारावर. आता सायलेन्सरवर करच नाही, तर त्या कराच्या वसुलीसाठी ठेवलेली नोंदवही कशाच्या आधारावर उभी, असा सवाल करणारे दावे टेक्सास आणि मिसूरीतल्या संघीय न्यायालयांत दाखल झाले आहेत. प्रश्न वजनदार आहे. पण दावा दाखल होणं आणि कलम रद्द होणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. निकालाआधीच कायदा गेला असं समजून जो वागेल, त्याच्या बचावाला हा युक्तिवाद वेळेवर धावून येईल याची कसलीही खात्री नाही.

संसदेतल्या प्रलंबित प्रस्तावांबद्दलही असाच घोळ आहे. ‘हिअरिंग प्रोटेक्शन ॲक्ट’ (प्रतिनिधीगृहात क्रमांक ४०४, सिनेटमध्ये ३६४) उद्या मंजूर झाला, तरी सायलेन्सर साध्या रायफलीच्या रांगेत येईल: दुकानातला ४४७३ क्रमांकाचा फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी तेव्हाही राहील. सायलेन्सरला सर्वच संघीय बंदूक कायद्यांबाहेर काढणारा प्रस्ताव वेगळा, ‘शश ॲक्ट’ नावाचा. लोक दोन्ही एकच समजून बोलतात.

“दुकानात जायचं आणि घेऊन यायचं”

प्रत्यक्षात कसं होतं ते पाहा. प्रत्येक बंदुकीच्या दुकानात सायलेन्सर विकता येत नाही. दुकानदाराकडे संघीय परवाना हवाच, शिवाय वर्षाला ५०० डॉलरचा विशेष व्यवसाय कर भरलेला हवा. (हा कर शून्य झालेला नाही.) ‘कॅन’ (सायलेन्सरचं बोलीतलं नाव) निवडला, साधारण ५०० ते १,२०० डॉलर भरले, की तो दुकानदाराच्या तिजोरीत जातो. पैसे भरलेले असतात, पण वस्तू अजून ग्राहकाची नसते. दुसऱ्या राज्यातून मागवला असेल, तर आधी एका दुकानदाराकडून दुसऱ्याकडे फॉर्म ३ वर येतो.

मग फॉर्म ४, म्हणजे कॅन ग्राहकाच्या नावावर करण्याचा अर्ज. हल्ली तो बहुतेक जण एटीएफच्या (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघीय यंत्रणेच्या) ई-फॉर्म प्रणालीवर भरतात. सोबत वर्षभराच्या आत काढलेला दोन बाय दोन इंची फोटो आणि दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे. अर्जाची एक प्रत स्थानिक शेरीफ किंवा पोलीसप्रमुखाला पाठवायची. २०१६ च्या जुलैपासून त्यांची सही लागत नाही, कळवलं की पुरे. ट्रस्टच्या नावाने घेत असाल, तर ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीचा वेगळा फॉर्म, वेगळे ठसे, वेगळा फोटो. वय २१ पूर्ण हवं. मंजुरी आली, की दुकानात जाऊन ४४७३ भरायचा आणि मगच कॅन हातात. पूर्वी कागदी अर्जाला आठ-दहा महिने सहज लागत. २०२४ पासून ई-फॉर्म काही दिवसांत सुटू लागले, आणि “आता काही लागत नाही” या गैरसमजाला त्या वेगानेही हातभार लावला असावा.

अर्ज अडतो तो क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर. ठसे पुसट असतात. नावं जुळत नाहीत. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून लागतं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर, आणि ग्रीन कार्डवर आणखी तिसराच प्रकार. सगळीकडे एकसारखं नाव करून घेऊनच अर्जाला हात घालावा.

आणि मंजुरीनंतरची चूक याहून जास्त घडते. नोंद ज्याच्या नावावर, कॅन त्याच्याच ताब्यात हवा. नवरा महिनाभर परगावी गेला, तिजोरीची किल्ली बायकोकडे राहिली, आणि नोंद नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर बायकोच्या ताब्यात नोंद नसलेली वस्तू आहे असा अर्थ लागू शकतो. ट्रस्ट करतात ते मुख्यतः यासाठी: नोंद ट्रस्टच्या नावावर असली, की त्यातल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला कॅन ताब्यात ठेवता येतो.

“ऑनलाइन किटही मिळतं”

मिळतं, आणि दाव्यातला सगळ्यात घातक भाग हाच. बंदूक साफ करताना नळीतून निथळणारं रसायन गोळा करायचं नळकांडं, म्हणजे ‘सॉल्व्हंट ट्रॅप’, किंवा गाडीचा इंधन-फिल्टर, अशा नावांनी या वस्तू विकल्या जातात. बऱ्याच परदेशातून येतात. कायद्याची व्याख्या फक्त तयार सायलेन्सरपुरती नाही. तो जोडण्यासाठी असलेला सुट्या भागांचा संच, आणि फक्त त्यासाठीच बनवलेला एखादा सुटा भाग, हेसुद्धा कायद्याच्या लेखी सायलेन्सरच. नळकांड्यातल्या कपांवर गोळी जाण्याच्या छिद्राची नुसती खूण असली, तरी एटीएफ ते भाग सायलेन्सरचे धरतं. अशा किटवर नोंदणी मागणारे बरेच अर्ज २०२२ मध्ये नाकारले गेले.

स्वतः बनवायचा हक्क असलेल्याने आधी फॉर्म १ भरायचा, मंजुरी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मग नळीवर नाव, गाव, राज्य आणि क्रमांक कोरायचा: कोरीव रेषेची खोली किमान ०.००३ इंच, अक्षर किमान १/१६ इंच. टॅक्स शून्य झाला तरी यातलं काहीही सुटलेलं नाही. “आधी आणून ठेवू, मग नोंदवू” हा मार्गही बंद आहे. हाती असलेली नोंद नसलेली वस्तू मागाहून नोंदवायची सर्वसाधारण माफी एकदाच दिली गेली, १९६८ च्या नोव्हेंबरात, ३० दिवसांसाठी. असं किट आधीच घरात येऊन पडलं असेल, तर ते कुणाला देऊ-विकू नये, दुकानात नेऊ नये, आधी वकिलाला फोन करावा.

“सगळ्या अमेरिकेत”

नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत, शिवाय राजधानी वॉशिंग्टनमध्ये, खासगी मालकीला बंदी आहे. कनेक्टिकटमध्ये बाळगता येतो, पण लावून शिकार करता येत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या मराठी घराला संघीय टॅक्स शून्य झाल्याने काडीचाही फरक पडलेला नाही. टेक्सासात रीतसर घेतलेला कॅन बदलीनंतर न्यू जर्सीत नेला, तर तो तिथे गुन्हाच.

“आवाजच येत नाही”

गोळी झाडताना तीन आवाज होतात. पहिला, गोळीच्या मागून प्रचंड दाबाखालचा वायू नळीच्या तोंडाशी एकदम सुटतो त्याचा. दुसरा, ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी हवा चिरत जाते त्या तडाख्याचा. तिसरा, बंदुकीच्या यंत्रणेच्या खटक्याचा. सायलेन्सर काम करतो तो फक्त पहिल्यावर. आतल्या पडद्यांतून वायू अडखळत, फैलावत, थंड होत बाहेर पडतो. गाडीच्या मफलरचं तत्त्वही हेच. १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट मिळवणारे हायरम पर्सी मॅक्सिम यांनी इंजिनांच्या मफलरवरही काम केलं होतं.

घट किती? साधारण २० ते ३५ डेसिबल. एआर-१५ रायफलीचा आवाज १६५ डेसिबलच्या आसपास असतो. सायलेन्सर लावून तो १३०-१३५ वर येतो. ३० डेसिबलची घट म्हणजे ध्वनीऊर्जा हजारपट कमी, कानाला मात्र साधारण आठवा हिस्सा वाटेल इतकी. भारतात फटाक्यांना चार मीटरवर १४५ डेसिबलची शिखर-मर्यादा आहे. मोजायची अंतरं वेगळी असल्याने तुलना तंतोतंत नाही, पण सुतळी बॉम्बच्या जातीच्या या आवाजाला ‘निःशब्द’ कोण म्हणेल? शिवाय रायफलीची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या वर जाते, ध्वनी ३४० च्या आसपास. तो दुसरा तडाखा कुठलाही सायलेन्सर थांबवू शकत नाही.

मग लोक तो का लावतात? अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा नियमांत अचानक होणाऱ्या आवाजाची कमाल मर्यादा १४० डेसिबल आहे. १६५ वरून १३५ वर येणं म्हणजे ती रेषा ओलांडून खाली येणं. शिकाऱ्याच्या आणि त्याच्या कुत्र्याच्या कानांसाठी हा फरक मोलाचा आहे. तरीही कानात बोळे हवेतच.

इथे उलट बाजूच्या अतिशयोक्तीलाही हात घालायला हवा. “गुन्ह्यात सायलेन्सर कधीच नसतो” असं समर्थक म्हणतात. क्वचित असतो, हे खरं: एटीएफचे वरिष्ठ अधिकारी रोनाल्ड टर्क यांनी जानेवारी २०१७ च्या टिपणात सायलेन्सरसंबंधी गुन्ह्यांत खटल्याची शिफारस झालेल्यांची दहा वर्षांची सरासरी वर्षाला ४४ आरोपी अशी दिली होती. पण ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीचमध्ये १२ माणसं मारली गेली, तेव्हा पॉइंट ४५ पिस्तुलाला सायलेन्सर होता, आणि तो कायदेशीररीत्या घेतलेला होता. पॉइंट ४५ ची गोळी मुळातच ध्वनीपेक्षा हळू जाते, त्यामुळे दुसरा तडाखा नसतो आणि उरलेला आवाज गोळीबारासारखा ओळखू येईलच असं नाही. तिथल्या काहींना तो खिळे ठोकायच्या यंत्रासारखा वाटला. ‘क्वचित’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे, आणि त्या १२ घरांसमोर हे दोन शब्द सारखे वापरू नयेत.

व्हिसा आणि भारत

एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ वर असलेल्याला बंदूक बाळगायला संघीय कायद्याने मुळातच मनाई आहे. वैध शिकार-परवाना असेल तर अपवाद मिळतो. संघीय बंदूक कायद्याच्या कलम ९२१ मधल्या व्याख्येत सायलेन्सर हा स्वतःच ‘फायरआर्म’ आहे, त्यामुळे हीच मनाई त्यालाही लागू. ग्रीन कार्डधारक घेऊ शकतो, पण बेकायदा बाळगल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तर स्थलांतर कायद्यात तो हद्दपारीचं कारण ठरतो. तिथेही व्याख्या याच कलम ९२१ ची.

भारतातही वेगळं नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा झोत कमी करणारी जोडसाधनं येतात. अमेरिकेतून बाहेर नेण्यासाठी परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो, कारण युद्धसामग्रीच्या निर्यात-यादीत सायलेन्सर पहिल्याच वर्गात आहे. बंदुकीविना, नुसता रिकामा कॅन बॅगेत टाकून विमानात बसलं, तरी निघताना एका देशाचा कायदा मोडतो आणि मुंबईत उतरल्यावर दुसऱ्याचा.