जीएनएमनंतर घरबसल्या ‘एम.एस्सी. प्लस एमबीए’? तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

परवा रात्री साडेअकराला मामेबहिणीचा फोन. ती नर्स आहे, नाईट ड्युटीवर होती. “ताई, उद्यापर्यंत सीट ब्लॉक करायचीय, पंधरा हजार, भिशीचे आलेत तेच भरते.” कसली सीट म्हटलं तर तिने मेसेज पाठवला, तोच जो गेला महिनाभर सिस्टरांच्या ग्रुपवर फिरतोय आणि मी न वाचता डिलीट करत होते. तेव्हाच वाचून उत्तर द्यायला हवं होतं, ते आज देतेय.

मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेतल्यासारखा ‘ब्रिज प्रोग्राम’ आता आपल्याकडे, जीएनएमवाल्यांनी, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांनी, थेट एम.एस्सी. नर्सिंग आणि एमबीए एकत्र करायचं, 18 महिने, पूर्ण ऑनलाइन, तुमची ड्युटी हेच क्लिनिकल (वॉर्डातलं प्रत्यक्ष शिक्षण) धरणार, नर्सिंग काउन्सिलची मान्यता, आणि डिग्री मिळाली की परीक्षा न देता अमेरिकेत नोकरी.

मी स्वतः जीएनएम करून मग पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बी.एस्सी. नर्सिंग), मग एम.एस्सी. केलंय आणि आता शिकवते, म्हणून हे वाचून डोकं फिरलं.

आधी जे खरं आहे ते मान्य करते. अमेरिकेत असे ब्रिज कोर्स आहेत आणि चांगले आहेत. तिकडे दोन वर्षांची असोसिएट डिग्री करून, परीक्षा देऊन आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, होता येतं. पण 2010 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या रिपोर्टने सांगितलं की 2020 पर्यंत 80 टक्के नर्सेसकडे बॅचलर डिग्री हवी, आणि न्यूयॉर्कने 2017 मध्ये कायदाच केला की नवीन आरएनने 10 वर्षांत ती डिग्री घ्यायची. नोकरी, मुलंबाळं सांभाळून हे कसं करणार, म्हणून ऑनलाइन कोर्स वाढले. त्यातला आरएन-टू-एमएसएन (एमएसएन ही नर्सिंगची मास्टर्स) म्हणजे बॅचलरचे विषय आणि मास्टर्स एकाच प्रवासात. काही ठिकाणी एमएसएनच्या जोडीला एमबीए देतात, कारण नर्सिंग डायरेक्टर झालं की बजेट, स्टाफिंग, इन्शुरन्सचे पैसे हे सगळं बघावं लागतं. लेक्चर, असाइनमेंट, चर्चा खरंच ऑनलाइन असतात. पण बॅचलरचा भाग तिथे वगळत नाहीत, तो आतच पूर्ण करून घेतात, आणि प्रवेशाला आरएन लायसन लागतं.

आता मला सगळ्यात जास्त राग आला तो मुद्दा, ‘ड्युटी हेच क्लिनिकल’. रोजची ड्युटी आणि शिकण्यासाठीचं क्लिनिकल यात काय फरक असतो हे आपल्यापैकी कुणाला सांगायला हवं का? ड्युटीवर आपण तीस पेशंटची औषधं, सलाईन, चार्टिंग, नातेवाईक यात बुडालेलो असतो, जे येतंय तेच पुन्हा पुन्हा करतो. क्लिनिकलमध्ये कुणीतरी जाणकार शेजारी उभं राहून विचारतं की हा निर्णय का घेतलास, चुकलं तर थांबवतं, आणि मग सही करतं. अमेरिकेतला कोर्स कितीही ऑनलाइन असू दे, हा भाग प्रिसेप्टरच्या, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकाच्या, हाताखाली प्रत्यक्षच करावा लागतो. नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषधं लिहून देऊ शकणारी नर्स) व्हायचं तर 2022 च्या तिथल्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे किमान 750 तास थेट पेशंटसोबत. मॅनेजमेंटच्या बाजूच्या एमएसएनलाही प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, असतोच.

आणि तास न भरता कागद विकले की काय होतं ते अमेरिकेनेच बघितलंय. जानेवारी 2023 मध्ये तिथल्या न्याय खात्याने 25 जणांवर आरोप ठेवले, फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलमधून 7,600 च्या वर खोटे डिप्लोमा आणि ट्रान्सक्रिप्ट विकले गेले होते. ऑपरेशन नाइटिंगेल म्हणून शोधा, सापडेल. ते कागद घेऊन लोक लायसनच्या परीक्षेला बसले, काही हजार पासही झाले आणि वॉर्डात कामाला लागले. त्या वॉर्डात आपली आई अ‍ॅडमिट आहे असं क्षणभर धरा. नंतर तिथल्या नर्सिंग बोर्डांनी लायसनं काढून घेतली, नोकऱ्या गेल्या, भरलेले पैसेही गेले. म्हणून ‘क्लिनिकल नाही’ ही सवलत म्हणून सांगणाऱ्या माणसाचा मला इतका संताप येतो.

मान्यतेचं. यूजीसीचे 2020 चे ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे नियम आहेत, त्यात जे कोर्स असे चालवता येत नाहीत त्यात नर्सिंगचं नाव आहे, विषय तिथेच संपतो. कुणी म्हणेल इग्नूचा पोस्ट बेसिक होता की दूरशिक्षणाने! होता, पण तो रजिस्टर्ड नर्सेससाठी, अनुभवाची अट, प्रवेश परीक्षा, कमीत कमी तीन वर्षं, आणि प्रॅक्टिकल हॉस्पिटलमध्ये जाऊनच. शिवाय तो बॅचलर होता. एम.एस्सी. नर्सिंगला इंडियन नर्सिंग काउन्सिल बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक, 55 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागते, आणि कोर्स दोन वर्षांचा. जीएनएमवरून थेट रस्ता नाहीच.

एमबीएचं तर अजून सरळ आहे. यूजीसीने परवानगी दिलेल्या विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए चालतं, चांगलंही असू शकतं, माझ्या दोन मैत्रिणींनी केलंय. पण त्याला आधी ग्रॅज्युएशन लागतं आणि जीएनएम हा डिप्लोमा आहे. म्हणजे मेसेजमधल्या दोन्ही डिग्र्यांना आपली मुलगी आज पात्रच नाही आणि तरी तिच्याकडून पैसे मागतायत.

अमेरिकेतल्या नोकरीचं एका वाक्यात: आरएन लायसनला तुमच्या मूळ नर्सिंग शिक्षणाचे तास तपासले जातात, मग एनक्लेक्स ही लायसनची परीक्षा द्यावीच लागते, इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसासाठीचं व्हिसास्क्रीन सर्टिफिकेट वेगळं, आणि मॅनेजमेंटच्या डिग्रीने यातलं काही माफ होत नाही.

रात्रीच तिला म्हटलं, पैसे भरू नकोस, त्या नंबरला फक्त विचार की डिग्री कुठल्या विद्यापीठाची आणि काउन्सिलच्या मान्यतेचं पत्र पाठवा. सकाळी उत्तर आलं, “मॅडम, आधी सीट कन्फर्म करा, मग सगळं सांगतो.” तिने नंबर ब्लॉक केला. पोस्ट बेसिकच्या सीईटीचे फॉर्म निघाले की रविवारी माझ्याकडे ये म्हटलंय, मार्कलिस्ट, रजिस्ट्रेशन आणि अनुभवाचं पत्र घेऊन, दोघी बसून भरू. इन्चार्ज सिस्टरांशी स्टडी लीव्हचं मात्र तिने आत्तापासून बोलायला हवं, तिथेच खरा वेळ जातो.