ग्रीन कार्डाची रांग आणि प्रायमरीतलं मत

अमेरिकेत निवडणुकीचा हंगाम सुरू झाला की पुण्या-मुंबईहून येणारे फोन, घरचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि मराठी वाहिन्यांवरच्या चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागतात: भारताला कोण बरा, रिपब्लिकन की डेमोक्रॅट? खरी काळजी असते ती नोकरीची. एच-वन-बी हा कामाचा व्हिसा टिकेल का, ग्रीन कार्ड मिळेल का, मुलीला कर्ज काढून एमएसला पाठवावं का. ही काळजी अगदी रास्त आहे. पण चर्चेत सगळा भार अध्यक्षपदाच्या नोव्हेंबरमधल्या मतदानावर टाकला जातो, ते मला पटत नाही. आपल्या लोकांच्या नोकरीशी जोडलेले मोठे निर्णय अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, अडतात. काँग्रेसमध्ये कोण जाणार हे बऱ्याच मतदारसंघांत पक्षाच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या आधीच्या मतदानातच, ठरून जातं. आणि त्या प्रायमरीला मोजकेच मतदार जातात.

आधी कोणाच्या हातात काय आहे ते पाहू. एच-वन-बीची वार्षिक मर्यादा ६५,०००, शिवाय अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. पहिला आकडा १९९० च्या कायद्यातला, दुसरा २००४ च्या. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातच नवरा-बायको आणि मुलंही मोजायची, आणि एका देशाच्या वाट्याला ७ टक्के. हेही १९९० चंच. भारतीयांची रांग इतकी लांबली ती या ७ टक्क्यांमुळे. यातला एकही आकडा अध्यक्षाला स्वतःच्या सहीने बदलता येत नाही.

अध्यक्षाच्या हाती उरतं ते शुल्क, नियम, छाननी आणि घोषणा. तेही कमी नाही. १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर १,००,००० डॉलर लावले आणि रविवारपासून अंमल सुरू केला. हे शुल्क जुन्या व्हिसाधारकांना लागू नाही हा खुलासा मागून आला, तोवर अनेक कंपन्यांनी सुट्टीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांना तातडीने परत बोलावलं होतं. अशा घोषणेने माणसाची झोप उडते हे खरंच. पण ती १२ महिन्यांसाठी काढलेली होती, तिच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, पुढचा अध्यक्ष ती मागे घेऊ शकतो. ७ टक्क्यांची अट मात्र १९९० पासून सगळ्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत जशीच्या तशी आहे.

ती उठण्याची एक संधी २०१३ साली आली होती. २७ जूनला सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाने, स्थलांतर सुधारणांचं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा त्यात काढून टाकली होती आणि एच-वन-बीची संख्याही वाढवली होती. पुढचा टप्पा होता हाउसचा, म्हणजे खालच्या सभागृहाचा, जिथे रिपब्लिकनांचं बहुमत होतं. तिथे विधेयक आधीच अडखळत होतं. मग १० जून २०१४ रोजी व्हर्जिनियाच्या सातव्या मतदारसंघात, रिचमंडच्या आसपास, रिपब्लिकन प्रायमरी झाली. हाउसमधले पक्षाचे क्रमांक दोनचे नेते एरिक कँटर यांच्यासमोर उभे होते डेव्ह ब्रॅट, एका छोट्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ब्रॅट यांचा मुख्य आरोप हाच, की कँटर बेकायदा स्थलांतरितांना माफी द्यायला निघालेत. एकूण ६५,००० च्या आसपास मतं पडली आणि कँटर साधारण ७,२०० मतांनी हरले. त्यानंतर रिपब्लिकन खासदारांपैकी कोण त्या विधेयकाला हात लावणार? त्याच महिन्यात सभापती बेनर यांनी ओबामांना कळवलं की या वर्षी मतदान होणार नाही.

व्हर्जिनियात मतदार नोंदवताना पक्ष विचारत नाहीत. त्या दिवशी कोणताही नोंदणीकृत मतदार जाऊन रिपब्लिकन मतपत्रिका मागू शकत होता. एका उपनगरी पट्ट्यातल्या सात हजार मतांचा परिणाम न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेपर्यंतच्या भारतीय घरांवर झाला, आणि आपल्या वाहिन्यांवर त्याची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

पुढे २०१९ मध्ये देशनिहाय मर्यादा काढण्याचं वेगळं विधेयक हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून केलं. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याची वेगळी आवृत्ती एकमताने मंजूर केली. दोन मसुदे जुळवायला वेळ उरला नाही, जानेवारीत काँग्रेसची मुदत संपली आणि दोन्ही रद्द झाले. भारताला कोण बरा, या प्रश्नात हा इतिहास कुठेच बसत नाही.

आता अध्यक्षीय प्रायमरी, कारण २०२८ ला दोन्हीकडचं मैदान खुलं असेल. डेमोक्रॅटिक पक्षात राज्यात किंवा त्या-त्या मतदारसंघात १५ टक्के मतं मिळाल्याशिवाय एकही डेलिगेट, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्ष अधिवेशनातला प्रतिनिधी, मिळत नाही. तुमचा आवडता उमेदवार १४ टक्क्यांवर अडकला, तर तिथली मतं डेलिगेटच्या हिशेबात शून्य. रिपब्लिकन पक्षात राज्यागणिक नियम वेगळे. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं होती, पण तिथले सगळे ५० डेलिगेट त्यांनाच मिळाले. म्हणजे दोन-तृतीयांश मतदारांनी दुसऱ्यांना मत देऊनही त्यांच्या पदरी काही पडलं नाही, कारण ती मतं पाच जणांत विभागली गेली.

दुसरी अडचण वेळेची. २०२० मध्ये साउथ कॅरोलायनाचं मतदान २९ फेब्रुवारीला झालं आणि सुपर ट्यूजडे, म्हणजे अनेक राज्यांच्या एकत्र प्रायमरीचा दिवस, ३ मार्चला होता. मधल्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार या दोन डेमोक्रॅटिक उमेदवारांनी माघार घेतली. कॅलिफोर्नियात, कोलोरॅडोत पोस्टाने आधीच मत देऊन बसलेल्यांची त्या दोघांना गेलेली मतं वाया गेली. मत बदलून मिळत नाही. म्हणून उमेदवार बरेच असतील तेव्हा घरी आलेली मतपत्रिका लगेच भरून पाठवू नये. आधीच्या राज्यांचे निकाल येऊ द्यावेत आणि मग ती पोस्टाऐवजी काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, ड्रॉप बॉक्समध्ये टाकावी, म्हणजे उशिराची भीती राहत नाही.

भारतीय वंशाच्या उमेदवारांबद्दल घरी जो जिव्हाळा दिसतो तो मी समजू शकतो. पण कमला हॅरिस २०१९ च्या डिसेंबरमध्ये, पहिलं मत पडायच्या आधीच शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. विवेक रामस्वामी यांना जानेवारी २०२४ मध्ये आयोवात आठ टक्क्यांहून कमी मतं मिळाली, आणि एच-वन-बीची लॉटरी बंद करा असं तेच सांगत होते. नावावरून धोरण कळत नाही. उमेदवाराच्या वेबसाइटवर स्थलांतराचं पान असतं, ते वाचावं, आणि तो खासदार किंवा सिनेटर राहिला असेल तर त्याने मत कुठे दिलं ते काँग्रेसच्या संकेतस्थळावर विधेयकाच्या क्रमांकाने सापडतं.

काँग्रेसच्या प्रायमरीचं जवळचं उदाहरण द्यायचं तर श्री ठाणेदार यांचं आहे. बेळगावात वाढलेला हा मराठी माणूस २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून खासदार झाला. ऑगस्टच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार साधारण २८ टक्के मतांवर जिंकले. नोव्हेंबरमध्ये त्यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली, कारण तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचाच आहे. निवड झाली ती ऑगस्टमध्ये, बावीस-तेवीस हजार मतांवर.

यावर महाराष्ट्रातला वाद असा असतो की आपल्याकडेही अशी प्रायमरी आणा, एबी फॉर्म दिल्लीतून येणं बंद होईल. मला हा विचार अर्धाच मान्य आहे. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेस पक्षाने देशातल्या काही मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला, त्यात वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात जिंकले विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी, सामान्य मतदार नव्हेत. ज्याच्या हातात संघटना त्याच्याच हातात निकाल, हे त्यात ओघानेच आलं. शिवाय प्रायमरीने तिकीट मिळवलेल्या आमदारालाही आपल्याकडे पक्षांतरबंदी कायद्याखाली व्हिप पाळावाच लागणार. अमेरिकेत खासदार पक्षनेत्याला नाही म्हणू शकतो, कारण त्याची खुर्ची नेत्याच्या हातात नसते आणि व्हिप मोडला म्हणून पदही जात नाही. पण प्रायमरीला येणाऱ्या कट्टर मतदारांना मात्र तो सहसा नाही म्हणत नाही. कँटर यांचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं.

आणि अमेरिकेतही पक्षाची पकड दुसऱ्या वाटेने येते. न्यू जर्सीत, जिथे मिडलसेक्स काउंटीत मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, प्रायमरीच्या मतपत्रिकेवर कित्येक दशकं ‘काउंटी लाइन’ होती. काउंटीच्या पक्षश्रेष्ठींनी पाठिंबा दिलेले अध्यक्षपदापासून नगरपालिकेपर्यंतचे सगळे उमेदवार एका ठळक ओळीत, बाकीचे लांब कोपऱ्यात विखुरलेले. २१ पैकी १९ काउंट्यांत हीच पद्धत. त्या ओळीबाहेरचा उमेदवार निवडून येणं फार अवघड होतं. सिनेटची निवडणूक लढवणारे खासदार अँडी किम यांनी कोर्टात धाव घेतली आणि मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली. आता पदानुसार एका चौकटीत सगळे उमेदवार छापले जातात. नुसती प्रायमरी आणून भागत नाही. मतपत्रिका कोण आखतं, मतदार यादी कोणाची, खर्चाचा हिशेब कोण तपासतं, हे आधी ठरवावं लागतं.

नोकऱ्यांच्या आकड्यांबद्दलही घरच्या चर्चेत घाई होते. अमेरिकेचा मासिक रोजगार अहवाल सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो आणि त्यात दोन वेगळी सर्वेक्षणं असतात. बेरोजगारीचा दर सुमारे ६०,००० घरांच्या पाहणीतून निघतो. आठवड्यात एक तास पगारी काम केलं तरी माणूस रोजगारात, आणि गेल्या चार आठवड्यांत नोकरी शोधली नसेल तर तो बेरोजगारांतही नाही. आपल्याकडच्या पीएलएफएस या सरकारी रोजगार पाहणीच्या साप्ताहिक मोजणीवरही एका तासाचा हाच आक्षेप घेतला जातो, तेव्हा तो अमेरिकेलाही लागू आहे हे लक्षात ठेवावं. नव्या नोकऱ्यांचा आकडा मात्र कंपन्यांच्या पगारपटावरून येतो आणि नंतर दोनदा सुधारला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये मे-जूनच्या नोकऱ्या २,५८,००० नी कमी करण्यात आल्या आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी कामगार सांख्यिकी विभागाच्या प्रमुखांना काढून टाकलं. दुरुस्ती हा त्या पद्धतीचाच भाग आहे, कारण अनेक कंपन्यांची उत्तरं उशिरा येतात. आकडा आवडला नाही म्हणून मोजणाऱ्याला काढणं ही भारतात किंवा अमेरिकेत, कुठेही गंभीर बाब आहे.

या आकड्यांत आपल्या लोकांचं दुखणं दिसत नाही. एच-वन-बीवरच्या माणसाची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज केला नाही आणि तो नागपूरला परतला, तर तो त्या ६०,००० घरांच्या कक्षेतूनच बाहेर जातो. २०२५ मध्ये काढलं कमी जात होतं पण नवी भरतीही फार थोडी होती, आणि वाढ मुख्यतः आरोग्यसेवेत होती. अशा बाजारात चार टक्क्यांच्या आसपासचा दर ऐकून मुलाला नोकरी लागेलच असं धरू नये. एमएसनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीचे, १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४, आणि पहिल्या १२ महिन्यांत सगळे मिळून ९० दिवसच बेरोजगार राहण्याची मुभा, हा हिशेब कर्ज काढण्याआधी मांडावा.

जे नागरिक झालेत त्यांनी पक्ष नोंदणीची तारीख आजच पाहून ठेवावी. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी बंद पद्धतीची आहे. जूनमधल्या मतदानासाठी पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीला संपते, त्यामुळे कुठलाच पक्ष न लिहिलेल्यांना २०२५ च्या महापौरपदाच्या प्रायमरीत मत देता आलं नाही. टेक्ससमध्ये पक्ष नोंदवत नाहीत, पण मार्चमध्ये एका पक्षाची मतपत्रिका घेतली की मे महिन्यातल्या फेरमतदानात दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही. कॅलिफोर्नियात पक्ष न निवडलेल्याला घरी येणाऱ्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची प्रायमरी छापलेलीच नसते. डेमोक्रॅटिक पक्षाने मुभा दिली असेल तर ती वेगळी मागावी लागते.

जे अजून नागरिक नाहीत त्यांनी डीएमव्हीत, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात, सावध राहावं. लायसन्सच्या फॉर्मवर किंवा स्क्रीनवर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, घाईत ‘हो’ दाबलं जातं. खोटं नागरिकत्व सांगितल्याचा शिक्का ग्रीन कार्ड कायमचं अडवू शकतो, आणि नागरिकत्वाच्या अर्जात हा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. नोंदणीचं कार्ड चुकून घरी आलं तर मत न देता लगेच काउंटीला लेखी कळवून नाव काढून घ्यावं, त्या पत्राची प्रत जपावी आणि वकिलाला दाखवावी. देणगीचंही तसंच. ग्रीन कार्डवाले उमेदवाराला पैसे देऊ शकतात, एच-वन-बीवाले देऊ शकत नाहीत, आणि मित्राच्या नावाने दिले तर तो दोघांचाही गुन्हा. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करणं, घरोघर जाणं मात्र चालतं.

आणि पोस्टाने मत देणाऱ्यांसाठी: बऱ्याच राज्यांत पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात. डीएमव्हीत इंग्रजीत सही केली आणि पाकिटावर सवयीने मराठीत केली, तर मत बाजूला ठेवलं जातं. काउंटीचं पत्र येतं, त्यात दुरुस्तीसाठी थोडे दिवस दिलेले असतात. ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका.