असईचे “घागरेवाले तलवारबहाद्दर”: एका फिरत्या दाव्याची उलटतपासणी

इतिहासप्रेमींच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. शब्द बदलतात, गाभा तोच: “नेपोलियनच्या काळातला स्कॉटिश सैनिक म्हणजे डोंगराळ टोळीचा जन्मजात लढवय्या. टोळीप्रमुखाने हाक दिली की तो निघायचा. किल्ट (गुडघ्यापर्यंतचा घागरा) नेसून, बॅगपाइपच्या तालावर, हातात रुंद पात्याची तलवार घेऊन शत्रूवर तुटून पडायचा. 1803 मध्ये असईला मराठी फौज याच धडकेने मोडली. व्हिस्की आणि मांस हा त्याचा खुराक आणि रणांगणावरचं मरण ही त्याची इच्छा.” खाली वॉटर्लूच्या लढाईचं (1815) एखादं चित्र, आणि कधी जोडीला “गॉर्डन शिपाई घोड्यांच्या रिकिबी धरून धावले” किंवा “शत्रू त्यांना नरकातल्या बाया म्हणत” अशी पुस्ती.

यात खरं किती? थोडं आहे, पण ते भलत्याच जागी चिकटवलेलं आहे. एकेक मुद्दा घेऊ.

“हातात तलवार”

साध्या शिपायाच्या हातात तलवार नव्हतीच. हायलँड (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या) पलटणींमधल्या शिपायांकडची तलवार अठराव्या शतकातच काढून घेतली गेली. अमेरिकेतल्या युद्धात ती झाडाझुडपांत अडकणारं ओझं ठरली होती. नेपोलियनच्या काळात ती अधिकारी आणि सार्जंटांपुरती उरली. शिपायाकडे होती चकमकीची बंदूक आणि तिला लावायची सुमारे 17 इंची संगीन.

ही बंदूक “इंडिया पॅटर्न” नावाने ओळखली जाते. मूळ नमुना ईस्ट इंडिया कंपनीचा, हिंदुस्थानातल्या फौजेसाठी बनलेला. 1790च्या दशकात फ्रान्सशी युद्ध पेटलं, बंदुका कमी पडल्या आणि ब्रिटिश सरकारने तोच नमुना उचलला. म्हणजे नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमध्ये लढणाऱ्या स्कॉटिश शिपायाच्या खांद्यावर कंपनी सरकारची बंदूक होती. नळी 39 इंच, वजन साडेचार किलोच्या आसपास. नळीचा व्यास साधारण 0.75 इंच आणि गोळी मात्र 0.69 इंचाची, एका पौंडात 14 बसतील अशी. हा सैलपणा मुद्दाम ठेवलेला. काळी दारू जळली की नळीत काजळीचा थर बसतो. गोळी घट्ट असती तर दहा-पंधरा बारांनंतर ती खाली सरकलीच नसती. किंमत नेमाची मोजावी लागे. गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडायची आणि शंभर यार्डांपलीकडे ठरावीक माणूस टिपणं नशिबावर असायचं. म्हणून तर ओळीने उभं राहून एकदम बार काढायचे.

बंदूक भरायची कशी? बंदुकीचा घोडा अर्धा चढवायचा. काडतूस, म्हणजे दारू आणि गोळीची कागदी पुडी, दातांनी फाडायचं. चिमूटभर दारू (हीच रंजक, पेटवणीची दारू) बाजूच्या प्यालीत टाकून झाकण लावायचं. बंदूक उभी करून उरलेली दारू आणि कागदासकट गोळी नळीत सोडायची. गज (ठासायची सळई) काढून ठासायचं, गज परत खोबणीत सरकवायचा. घोडा पूर्ण चढवून बंदूक खांद्याला लावायची. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी, पण पहिल्या काही मिनिटांपुरतेच.

बिघडायचं ते इथे. रंजक पेटायची, प्यालीतून धूर निघायचा, पण कान, म्हणजे प्यालीतून नळीत जाणारं भोक, काजळीने बुजल्यामुळे आतली दारू पेटायचीच नाही. आजूबाजूला शेकडो बंदुका कडाडत असताना आपला बार झाला नाही हे शिपायाला कळत नसे. तो वरून दुसरं काडतूस ठासायचा. घाईत गज नळीतच राहिला तर गोळीबरोबर तोही उडून जाई, मग बंदूक म्हणजे नुसती काठी. ठिणगी पाडणारी गार (चकमकीचा दगड) वीसेक बारांत बोथट व्हायची, म्हणून 60 काडतुसांमागे तीनेक गारा मिळत. छातीवरच्या पट्ट्याला एक तार आणि छोटा ब्रश लटकलेला असे, कान आणि प्याली साफ करायला. पाऊस आला की सगळंच थंड. त्यात काडतूस फाडताना तोंडात दारू जायची. तिच्यातल्या सोऱ्याने घसा असा कोरडा पडे की लढाईच्या मध्यावर माणसं गोळ्यांपेक्षा पाण्यासाठी कासावीस व्हायची.

ही कवायत ज्या 1792च्या नियमांनी ठरली, ते लिहिणारा डेव्हिड डंडास स्वतः एडिंबराचा. पाऊल 30 इंचांचं, साध्या चालीत मिनिटाला 75 पावलं, जलद चालीत 108. “जन्मजात लढवय्या” पावलं मोजत नसतो. हा मोजायचा.

“टोळीप्रमुखाची हाक”

टोळ्यांची फौज 1746 मध्ये स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या मैदानावर सरकारी फौजेपुढे संपली. त्यानंतर कायद्याने किल्टही बंद झाला आणि 1782 पर्यंत बंदच राहिला. सूट होती ती फक्त सरकारी पलटणींना. पुढे “पुरातन टोळीवेश” म्हणून मिरवला गेलेला किल्ट मधली 36 वर्षं मुख्यतः ब्रिटिश लष्करानेच जिवंत ठेवला.

भरती व्हायची पैशांवर. भरतीचा सार्जंट एक शिलिंग हातावर ठेवी, मग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे शपथ. मधल्या काळात पश्चात्ताप झाला तर वीस शिलिंग दंड भरून सुटता यायचं. ज्याच्याकडे वीस शिलिंग असत तो मुळात तिथे कशाला जाईल? 1806 पर्यंत नोकरी आयुष्यभराची. त्या वर्षी पायदळासाठी सात वर्षांचा करार आला. येणारे कोण, तर शेतमजूर आणि हातमागावरचे विणकर, विशेषतः ग्लासगो-पेझ्लीकडचे. मागाची मजुरी उतरली की भरतीची रांग वाढायची. 71वी पलटण नावाने हायलँड, पण 1808 पासून तिच्या नावाला “ग्लासगो” जोडलं गेलं. शिवाय स्कॉटलंडच्या सखल भागाच्या पलटणी वेगळ्याच: रॉयल स्कॉट्स, 21वी, 25वी, 26वी, 94वी. यांनी किल्ट कधी नेसलाच नाही, आणि “स्कॉटिश सैनिक” म्हटल्यावर हे लोक कुणाला आठवत नाहीत.

सक्तीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. जमीनदार कुळांना सुचवायचे: मुलगा पलटणीत द्या, जमीन तुमच्याकडे राहील. स्कॉटलंडच्या उत्तरेतल्या सदरलंड परगण्यात 1799-1800च्या सुमारास 93वी पलटण उभी राहिली ती अशीच, परगण्यातल्या तरुणांची गणती करून. याच पलटणीने आफ्रिकेच्या दक्षिणेला, आशेच्या भूशिरावर (केप ऑफ गुड होप) असताना स्वतःच्या पगारातून पाद्र्याचं मानधन भागवलं आणि आपल्यातलेच वडीलधारे नेमून चर्च चालवलं. तलवार उगारून किंचाळणाऱ्या रानटी माणसाच्या चित्रात हे बसत नाही. दिलेला शब्द किती पाळला गेला? सदरलंडमधल्याच किल्डोनन (1813) आणि स्ट्रॅथनेव्हर (1814) इथली कुळं मेंढ्यांसाठी उठवली गेली. जानेवारी 1815 मध्ये ही पलटण अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या मोर्चांपुढे शेकड्यांनी पडत होती, तेव्हा तिच्या शिपायांच्या मुलखातली घरं रिकामी होत होती.

“किल्ट नेसून असईला”

असईवर सर्वांत जास्त रक्त सांडलेली स्कॉटिश पलटण 74वी. तिने हिंदुस्थानात आल्यावर किल्ट बाजूला ठेवला होता. कारण साधं: इथली हवा. 1806 मध्ये ती स्कॉटलंडला परतली, पुन्हा किल्ट चढवला आणि तीनच वर्षांत कायमचा उतरवला. 1809च्या हुकुमाने 71, 72, 73, 74, 75 आणि 91 अशा सहा पलटणींचा हायलँड वेश काढून घेतला. हुकुमात कारणही दिलंय: सगळ्या हायलँड पलटणी भरायला तिथली लोकसंख्या पुरत नाही आणि इंग्लंडच्या माणसाला हा वेश रुचत नाही, त्यामुळे भरती अडते. किल्ट राहिला तो 42, 78, 79, 92 आणि 93 या पाचांकडे.

“याच धडकेने मराठी फौज मोडली”

हा मुद्दा आपल्या अंगणातला आहे, म्हणून जरा थांबून बघू.

23 सप्टेंबर 1803. कैलना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, आजच्या जालना जिल्ह्यात. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले, दुसऱ्या बाजूला ब्रिटिशांचा सेनापती आर्थर वेलस्ली. वेलस्लीच्या पायदळात गोऱ्या पलटणी दोनच, 74वी आणि 78वी. बाकी मद्रासकडचे देशी शिपाई, आणि ते संख्येने जास्त. “स्कॉट विरुद्ध मराठे” असं म्हटलं की हे मद्रासी शिपाई एका फटक्यात गायब होतात. समोरही कवायती पलटणी होत्या, शिंद्यांच्या, हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखालच्या. दोन्हीकडे तीच चकमकीची बंदूक आणि तीच ओळीतली चाल.

आता त्या “धडकेचं” काय झालं ते बघा. वेलस्लीच्या उजव्या टोकाच्या पुढच्या तुकड्यांना गावापासून दूर राहायचं होतं. त्यांचा प्रमुख ऑरॉक त्यांना थेट असई गावावर घेऊन गेला आणि मागोमाग 74वी गेली. गावाभोवती तोफा रचलेल्या. त्यांच्या छर्र्यांनी पलटण कापून काढली, वरून मराठी घोडदळ आलं. उरलेल्यांनी मिळेल त्या आडोशाला वेडीवाकडी चौकोनी रचना करून तग धरला आणि 19व्या ड्रगून घोडदळाने येऊन त्यांना सोडवलं. सुमारे 500 माणसांपैकी 400च्या आसपास मेली किंवा जखमी झाली. त्या दिवशी सर्वांत गाजले असतील तर शिंद्यांचे गोलंदाज.

78वी डाव्या बाजूला, नदीकाठाने. तिने ओळ मोडू दिली नाही. जवळ जाऊन एक बार काढला आणि मग संगिनी लावून तोफांवर चालून गेली. तिथेही गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि ओळ पुढे सरकताच उठून तिच्या पाठीवर तोफा डागू लागले. पलटणीला मागे फिरून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. एक पलटण टिकली, दुसरी संपली. माणसं दोन्हीकडे स्कॉटलंडचीच. फरक पडला तो कुणाला कुठे नेलं यामुळे.

त्याच वर्षी 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाची आतली भिंत शिडी लावून चढली ती 94व्या पलटणीची हलकी कंपनी. सखल भागाची पलटण, किल्ट नाही. तिची गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही.

“गॉर्डन शिपाई घोड्यांच्या रिकिबी धरून धावले”

मजकुराखालचं चित्र बहुतेक वेळा 1881 मध्ये रंगवलेलं असतं, लढाईनंतर 66 वर्षांनी, स्कॉट्स ग्रेज हे स्कॉटिश घोडदळ भरधाव दौडताना. वॉटर्लूला ग्रेज 92व्या, म्हणजे गॉर्डन, पलटणीच्या रांगांमधून पुढे गेले हे खरं. पण चिखल, तुडवलेलं राय धान्य आणि मधे आपलीच माणसं, त्यामुळे घोडे जेमतेम चालीवर होते. गर्दीत कुणाचा हात रिकिबीला लागला असेल. भरधाव घोड्याला लटकून कुणी संगीन चालवत नाही. “नरकातल्या बाया” हे टोपणनाव तर पहिल्या महायुद्धाशी जोडलं जातं, शंभर वर्षं उशिराचं.

“बॅगपाइपचा ताल”

पाइपर होते, त्यांचं धैर्यही खरं. 1808 मध्ये पोर्तुगालमधल्या व्हिमिएरोच्या लढाईत 71वीचा जॉर्ज क्लार्क जखमी होऊन बसल्या जागी वाजवत राहिला. पण सरकारी हजेरीपटावर पाइपर नावाचं पदच नव्हतं; त्यांना ढोलकरी म्हणून दाखवून पगार काढत. पद मिळालं 1854 मध्ये. हुकूम ढोलावर जात, पाइपवर नाही.

“व्हिस्की आणि मांस”

मोहिमेवरचं रोजचं ठरलेलं अन्न: एक पौंड मांस (हाडासकट वजन), दीड पौंड पाव किंवा एक पौंड बिस्कीट आणि पिंटचा तिसरा हिस्सा रम, किंवा त्याऐवजी वाइन. हिंदुस्थानात अरक (इथली दारू). ठरलेलं आणि मिळालेलं यांत गाडीबैलांचं अंतर. गाड्या मागे राहिल्या की दोन-दोन दिवस काहीच नाही. लोखंडी हंडे दहा माणसांत एक, तेही खेचरावर, म्हणजे खेचर पोचेपर्यंत चूल पेटत नाही. 1813 मध्ये सहा माणसांत एक असे पत्र्याचे हलके डबे आले आणि मोकळ्या झालेल्या खेचरांवर तंबू चढले. स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेची 1808 पासूनची पहिली पाच वर्षं बहुतेक उघड्यावरच.

पगार 1797 पासून रोज एक शिलिंग. कागदावर आठवड्याला सात. त्यातले चारेक जेवणाचे, दीडेक शर्ट-बूट-साबण वगैरेंचे. हाती उरायचा दीड शिलिंग, आणि तोही अनेकदा महिनोन्‌महिने थकलेला.

“रणांगणावरचं मरण”

1809 मध्ये सुमारे 40,000 माणसं हॉलंडच्या वाल्हेरेन बेटावर उतरली. त्यांत 42, 71, 79 आणि 92 या हायलँड पलटणीही होत्या. लढाईत मेले शंभराच्या आसपास. तापाने मेले सुमारे 4,000. जे वाचले त्यांना तो ताप पुढे स्पेनमध्येही उलटत राहिला.

बायकांचं काय होई, हे या मजकुरात कधीच नसतं. पलटण समुद्रापार निघाली की शंभर माणसांमागे साधारण सहा बायकांनाच बरोबर जाता येई. बंदरावर, जहाजात चढायच्या आधी, चिठ्ठ्या टाकत. चिठ्ठीवर “जायचं” किंवा “नाही जायचं”. “जायचं” निघालं तर अर्धा शिधा, मुलाला पाव शिधा, आणि कपडे धुण्याचं काम. “नाही” निघालं तर मैलावर मोजलेला प्रवासभत्ता आणि गावाकडची वाट, पायी.