सरासरी वाढवायची म्हणून मूल घरी ठेवायचं?

आज दुपारी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळांची यादी येऊन पडली. संकलित चाचणीच्या, म्हणजे सत्राअखेरच्या सरकारी परीक्षेच्या, सरासरीप्रमाणे वरून खाली शाळा, तळाच्या शाळांना लाल रंग, आणि शेवटी 'लाल शाळांच्या मुख्याध्यापकांनी खुलासा सादर करावा.' आमची शाळा लाल आहे. तेव्हापासून डोकं भणभणतंय.

माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीआधी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तेव्हा परत आली आणि लगेच चाचणीला बसली. जोडाक्षर आलं की अडते. तिला आलं तेवढं तिनं लिहिलं, मिळाले तेवढे गुण मी सरकारला गुण कळवायच्या चाटबॉटवर भरले. आमचा पट एवढासा, की असे दोन-तीन पेपर आले तरी सरासरी घसरते.

चाचणीच्या आदल्या दिवशी मला सल्ला मिळाला होता, "मॅडम, तिला उद्या घरीच राहू द्या." का? सहा महिने ऊसतोड्यांच्या झोपडीत, कोपीत राहून आलेली पोर शाळेत आली, तर तिला आपणच हाकलायचं? संताप येतो हो!

२०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'पासून पायाभूत, संकलित या सगळ्या चाचण्या चालू आहेत. कोणतं मूल कुठे अडलंय ते शोधा आणि त्याला शिकवा, एवढ्यासाठी. मग त्याच गुणांवर शाळांना रंग कशाला? गुणांवर शाळेची इभ्रत टांगली की गुण फुगणारच. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानं चाचणीत मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाई सुरू झाली. पुढे अटलांटात काय झालं? २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमध्ये गैरप्रकार सापडले. मुलांची चुकीची उत्तरं खोडून शिक्षकच बरोबर करत होते. त्या मुलांना कच्चं काय राहिलंय ते मग कोण शिकवणार होतं?

चाचण्या नव्हत्या तेव्हा वाचता न येणारी मुलं गुपचूप वरच्या वर्गात जायची, हे मान्य. काही शिक्षक शिकवतच नाहीत, हेही मान्य.

पण या पोरीचं काय? पेपर दिल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, शेवटचं गणित मला वाचताच नाही आलं, तुम्ही वाचून दाखवा ना." वाचून दाखवलं, तर तिथंच उभ्या उभ्या सोडवलं. म्हणजे तिचं गणित अडत नाही, वाचन अडतं. शिकवायला मला एवढं कळणं पुरेसं आहे. त्या लाल रंगातून यातलं काय कळतं?

खुलासा मीच लिहिणार आहे, मुख्याध्यापकांना तसं सांगून ठेवलंय. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह यंदा का सुरू झालं नाही, हे त्यात पहिलं. जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवलेल्या मुलीला तिकडे एकाही शाळेत का बसवलं नाही, हे दुसरं. तिचे गुण आहेत तेवढेच राहतील, आणि पुढच्या चाचणीलाही ती बसेल.