वाढत्या अंगाची कुंडी

अरेका पामची मुळं कुंडीच्या खालच्या भोकांतून डोकवायला लागली तेव्हाच कळलं, आपला रविवार गेला. कुंडी होती ८ इंची. मी आणली १६ इंची, वाढत्या अंगाची बघून. लहानपणी माझे सगळे शर्ट असेच घेतले जायचे, बाह्या चारदा दुमडून घालायचो आणि अंग वाढेपर्यंत शर्टच विटायचा, तरी अक्कल काही आली नाही.

मग दोरीखेच. मी बुंध्याला धरून ओढतोय, बायको कुंडीला, आणि झाड दोघांचंही ऐकत नाही. शेवटी प्लास्टिकची कुंडी उभी कापली. आत माती नावालाच, मुळांची नुसती चुंबळ! इतकी दया आली की म्हटलं, घे बाबा, पसर पाय.

दोन आठवडे झाड राजासारखं. मग पातं पिवळं. मला वाटलं तहान लागली असेल, पाणी वाढवलं. अजून पिवळं, अजून पाणी. वर माती कोरडीठाक म्हणून मी आपला ओततोय आणि खाली चिखलाचं तळं साचलेलं, कारण व्यास दुप्पट, खोली दुप्पट म्हणजे माती आठपट, आणि पिणारी मुळं तेवढीच. चिलटं आली. मग कुबट वास. बायको म्हणाली, "उंदीर मेलाय का बघ."

मावशीला फोन केला, तिची झाडं कधीच मरत नाहीत.

"केवढ्या कुंडीत लावलंस?"

"सोळा."

पलीकडे शांतता. मग, "अरे पामला थोडं अडचणीतच बरं वाटतं. फार तर २ इंच मोठी घ्यायची. आणि तळाशी खडे घातले नाहीस ना?"

"घातले की! निचऱ्यासाठी."

"त्याने पाणी उलट मुळांच्या आणखी जवळ येऊन थांबतं, शहाण्या."

परत उपसलं. कुजलेलं मूळ चिमटीत धरलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात बारीक दोरा राहतो, हे ज्ञान मला नको होतं. सडकी मुळं कापली, खडे फेकले आणि १० इंचीत लावलं, बुंधा आधी होता तेवढाच मातीत, जास्त खोल नाही. फोन ठेवताना मावशीने दोनदा बजावलं होतं, आता चमच्याने पाणी घाल हवं तर.

परवा मधून एक नवीन पात आलीय, भाल्यासारखी मिटलेली. बायको उठल्या उठल्या तिला बघायला जाते. माझ्याकडे इतक्या कौतुकाने कधी बघितलं नाही.

१६ इंची टाकून देऊ म्हणते. मी हिशोब मांडला: दर दोन-तीन वर्षांनी २ इंच म्हणजे दहावरून सोळावर जायला सहा ते नऊ वर्षं, लागेल की! तोवर तिच्यात बाकीच्या रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवल्यात. बरोब्बर बसल्यात.